निश्चयाची ओळ

वाचनकक्षात, माझ्या वहीच्या त्या पानावर, दिनकर भंगाळे थांबला होता.

पानावर माझ्या अक्षरातल्या जेमतेम चार ओळी होत्या. त्या वाचायला दोन श्वासांहून अधिक वेळ लागण्याचे कारण नव्हते. पण तो केव्हाचा तिथेच होता. डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेवर टेकलेला, उजव्या हातात तांबडी पेन्सिल आडवी धरलेली. छताचा पंखा चैत्रातली गरम हवा एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होता. पलीकडच्या टेबलाशी बापूसाहेब डोळे मिटून बसले होते. ते झोपलेले नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

माझ्यासमोर दिनकरची वही उघडी होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन तारखा, आणि त्यांच्याखाली तीन कोरी पाने.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तरची. तापीच्या काठापासून कोसभर आत, कापसाच्या एका व्यापाऱ्याने दान दिलेल्या बैठ्या इमारतीत बापूसाहेबांचे अभ्यासमंदिर होते. अभ्यासकांच्या सहा जागा, त्यांतल्या त्या वर्षी भरलेल्या दोनच. मी अकोल्याहून एम. ए. करून आलेली, चोवीस वर्षांची कुमुद सोनटक्के. आणि तो यावलकडचा, केळीच्या बागा असलेल्या घरातला थोरला मुलगा. बागेत पाणी धरायचे सोडून तो इथे कसा आला, याचे त्याच्या वडिलांना कोडे पडले होते आणि ते दर महिन्याला पत्रातून विचारत असत.

बापूसाहेबांनी प्राचीन विचारवंतांचे आत्मसंयमावरचे लेखन मराठीत आणून सायक्लोस्टाइल करून ठेवले होते. त्यात एक ग्रीक गुलाम होता, एक रोमन सम्राट होता, आपल्याकडचे दोन-तीन भिक्षू होते. दिनकरचा ओढा गुलामाकडे, माझा सम्राटाकडे. यावरून आमचे रोज वाजायचे.

“ज्याच्यासमोर ताट वाढून येतं त्याने भुकेवर लिहू नये, सोनटक्के,” तो म्हणायचा.

“आणि तुमच्या गुलामाजवळ सोडण्यासारखं होतं तरी काय?”

“म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.”

सम्राट मला आवडायचा तो एका वेगळ्याच कारणाने. छावणीतल्या तंबूत बसून त्याने जे लिहिले ते कुणी वाचावे म्हणून लिहिलेच नव्हते. स्वतःशी इतके सरळ बोलणारा माणूस मला हेवा वाटावा असा होता. कारण माझी गत उलटी होती.

ते समजण्यासाठी वहीचा नियम सांगायला हवा. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, आम्ही प्रत्येकी एक नोंद लिहीत असू: आज मन कुठे सुटले, आणि सुटल्यावर आपण काय केले. नोंदीची शेवटची ओळ निश्चयाची असली पाहिजे. निश्चयाशिवाय लिहिलेली नोंद ही नुसती तक्रार, असे बापूसाहेबांचे मत होते. शनिवारी दुपारी चार वाजता वह्यांची अदलाबदल व्हायची. वाचणाऱ्याने मौनात वाचायचे, प्रत्येक पानाच्या समासात तांबड्या पेन्सिलीने आद्याक्षरे घालायची आणि वही परत करायची. त्यावर तेव्हा बोलायचे नाही आणि पुढेही कधी बोलायचे नाही. वाचणारा आरसा असतो, असे बापूसाहेब म्हणत, आणि आरसा मत देत नाही.

दोन वर्षे दर शनिवारी दिनकरने माझे मन वाचले होते आणि मी त्याचे. त्याला आंबट ताकाचा राग येतो, वडिलांच्या पत्राने त्याचा दिवस काळवंडतो, पहाटे उठताना तो स्वतःशी अजूनही खोटे बोलतो, हे सारे मला ठाऊक होते. आणि यांतल्या कशाबद्दलही आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. चालताना मात्र मी त्याच्या डाव्या बाजूने चालायचे, कारण उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येते, हेही मी वहीतच वाचले होते. मी डावीकडे का असते, हे त्याने कधी विचारले नाही. त्या न विचारण्यात एवढे सगळे मावत असे की मला वाटायचे, माणसाला याहून अधिक काय लागते.

मग बुधवारी पत्र आले. कुमाऊंच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेने त्याला शिकवायला बोलावले होते. करार पाच वर्षांचा, मध्ये घरी येणे नाही. महिनाअखेरीच्या आत उत्तर पोचायला हवे होते. जेवताना त्याने हे अशा आवाजात सांगितले की जणू कोणा तिसऱ्याचेच पत्र वाचून दाखवतो आहे. बापूसाहेबांनी अभिनंदन केले. मीही केले. रविवारी उत्तर टाकेन, म्हणाला. स्वयंपाकाच्या वेणूबाई भाकरी वाढत होत्या, त्यांचा हात क्षणभर माझ्या ताटावर थांबला.

शुक्रवारी संध्याकाळी मी वहीत लिहिले: “आज मन दिवसभर सुटलेले. भंगाळे डोंगरात जातील या विचाराने. त्यांनी जाऊ नये असे वाटते. हे वाटणे आवरायला हवे.”

पहिल्या तीन ओळी मी त्याने वाचाव्यात म्हणून लिहिल्या. चौथी लिहिली कारण नियम होता.

आता पन्नास वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या टेबलाशी बसून हे लिहिताना त्या चौथ्या ओळीचे अक्षर मला अगदी स्वच्छ दिसते. वरच्या तिन्हींपेक्षा ते अधिक वळणदार होते.

वाचनकक्षात पेन्सिल टेकल्याचा आवाज झाला. दिनकरने समासात आद्याक्षरे घातली. ती घालताना त्याने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडले आणि कागदाला बारीकसे भोक पडले. त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली. मी त्याच्या तिन्ही कोऱ्या पानांवर “कु. सो.” असे लिहिले, प्रत्येक पानावर एकाच जागी. कोऱ्या पानांचा मला एकच अर्थ लागला. याचे मन कुठेच सुटले नाही. तीन दिवसांत एकदाही नाही.

“झालं?” बापूसाहेबांनी डोळे न उघडता विचारले.

“झालं,” दिनकर म्हणाला, आणि बाहेर गेला.

मी स्वयंपाकघरात जाऊन माठातले पाणी प्यायले. वेणूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. अहिराणीखेरीज दुसरी भाषा त्यांनी कधी जिभेवर येऊ दिली नाही, आणि आमच्या अभ्यासमंदिराविषयी त्यांचे मत फारसे बरे नव्हते. भूक लागली तरी घड्याळाकडे बघून बसणारी माणसे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली होती. त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले.

“त्या वह्यासमा काय लिखतस तुम्ही?” त्या म्हणाल्या. “तुमले तोंड नई का?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. सुपातला एक खडा उचलून त्यांनी खिडकीबाहेर टाकला.

दिवस मावळताना बापूसाहेब ओट्यावर बसत. समोर कडुनिंब मोहरलेला असे आणि त्याचा कडवट गोड वास खाली उतरत असे. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले. विचारायचे एक होते, विचारले दुसरेच. एखादी इच्छा पूर्णपणे आवरली गेली आहे हे कसे ओळखायचे, असे मी म्हणाले.

त्यांनी कोटाच्या खिशातून पितळेची एक चपटी डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. “उघडा.”

डबी रिकामी होती. वास मात्र अजून होता, जुना, झोंबणारा.

“तपकीर,” ते म्हणाले. “सोडून तीस वर्षं झाली. रोज या वेळेला झाकण उघडतो.”

“अजून?”

“अजून. नाक विचारतं, मी नाही म्हणतो. आमचं बोलणं चालू आहे. ज्या दिवशी ते विचारायचं थांबेल त्या दिवशी मी जिंकलो असं लोक म्हणतील. पण तेव्हा समोर असेल कोण?”

मी डबी परत केली. म्हणजे आवरायचेच ना, असे मी पुन्हा विचारले असावे. 

“आमच्या वडिलांकडे एक घोडी होती, सोनटक्के. फार तापट. कोणाला टेकू देत नसे. मग एक मोतद्दार आणला. त्याने काय केलं, तिला अर्धपोटी ठेवलं. महिन्याभरात शांत झाली. इतकी शांत, की लहान मूल तिच्या पोटाखालून जावं.”

“मग?”

“मग काही नाही. तिच्यावर बसून कुठे जाता येईना. तबेल्यात उभी असायची. फार शिस्तीची दिसायची.” त्यांनी डबीचे झाकण लावले. “तुम्हांला काय आवरायचं आहे?”

त्यांनी असे सरळ विचारल्याचे मला दोन वर्षांत आठवत नव्हते. कडुनिंबावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला.

“काही नाही,” मी म्हणाले. “अभ्यासासाठी विचारलं.”

“असं,” बापूसाहेब म्हणाले.

खोलीत येऊन मी घोडीची गोष्ट वहीत उतरवून काढली. वर “बापूसाहेबांचे विवेचन” असे शीर्षक दिले आणि खाली दुहेरी रेघ ओढली. ते विवेचन नव्हते. ते मला विचारलेले होते. हे कळायला मला जेवढी वर्षे लागली, तेवढी बापूसाहेबांना आयुष्यात उरलेली नव्हती.

आणि मग मी खरोखरच मनाला आवरायला बसले. हे सांगताना आजही थोडा अभिमान वाटतो, इतके ते मी नीट केले. त्याने वाचले आहे, मी स्वतःला समजावले. वाचून त्याने आद्याक्षरे घातली, आणि त्याची स्वतःची पाने कोरी आहेत. जे माझ्या हातात होते ते मी केले. उत्तर माझ्या हातात नाही. जे हातात नाही त्याच्यामागे धावणारे मन हे गुलामाचे मन, आणि तो ग्रीक गुलामदेखील तसा गुलाम नव्हता. मी त्याच्या खोलीकडचा कान बंद केला. त्याच्या चपलांचा आवाज ओट्यावरून गेला तेव्हा मी वाचत असलेली ओळ मध्येच तोडली नाही.

रविवारी पहाटे जाग आली तेव्हा आत अगदी शांत होते. पावसानंतर आड निवळावा तसे. मी तळाशी पाहिले, तिथेही काही हलत नव्हते. अंघोळ करून, उजाडता उजाडता मी वहीत लिहिले: “आज मन ताब्यात आहे.” एवढीच नोंद. दोन वर्षांत पहिल्यांदा निश्चयाची ओळ लिहिण्याची गरज पडली नाही.

रविवारी सकाळी वर्तमानपत्रासाठी आम्ही दोघे स्टेशनपर्यंत चालत जात असू. जिनिंग कारखान्याच्या कुंपणाकडेने दीड-दोन मैलांचा रस्ता. कुंपणाच्या तारांना कापसाचे पुंजके अडकलेले असत. त्या दिवशीही गेलो. मी सवयीने त्याच्या डावीकडे होते. त्याने नवा सदरा घातला होता, त्याच्या खिशातून पांढऱ्या पाकिटाची कड दिसत होती. पोस्ट बंद असले तरी सकाळच्या पॅसेंजरला टपालाचा तांबडा डबा असे, आणि जादा तिकीट लावून त्याच्या बाजूच्या फटीतून पत्र टाकता येई. रस्ताभर आम्ही उन्हाळ्यावर बोललो. केळीची पाने करपायला लागली असतील, असे तो म्हणाला. वडील पत्रात काय लिहितात, असे मी विचारले. तेच, म्हणाला.

फलाटावर हिरव्या केळीच्या करंड्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांचा ओला, कच्चा वास सुटला होता. मी वर्तमानपत्र घेतले. गाडी वेळेवर आली. ती तिथे तीन मिनिटे थांबायची. टपालाचा डबा आमच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला.

दिनकरने खिशातून पाकीट काढले. ते एक नव्हते, दोन होती. दोन्हींवर एकच पत्ता, दोन्हींवर तिकिटे लावलेली.

“दोन का?” मी विचारले.

“एकात येतो असं लिहिलंय. एकात येत नाही असं.”

हमालांनी करंड्या उचलायला सुरुवात केली. आम्हांला बाजूला व्हावे लागले. मी आपोआप त्याच्या डावीकडे झाले, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, आणि तो हे किती दिवसांपासून ओळखून होता ते मला दिसले.

“शुक्रवारच्या पानाबद्दल विचारायचं आहे,” तो म्हणाला.

“ते विचारायचं नसतं, भंगाळे.”

“माहीत आहे. दोन वर्षं विचारलं नाही.” त्याचा आवाज खाली आला. “तुझ्या दोषांच्या पानावर माझं नाव होतं, कुमुद. त्याचं मला काही नाही. कुठे तरी होतं.”

तोवर त्याने मला कधी तू म्हटले नव्हते, कुमुदही नाही.

“माझी पानं कोरी का, ते तू विचारणार नाहीस. मीच सांगतो. वरचं सगळं लिहिता येत होतं. तुझ्यापेक्षा जास्त ओळी झाल्या असत्या. शेवटची ओळ लिहिता येत नव्हती. निश्चयच नव्हता ना. खोटा कसा लिहू? म्हणून मग वरचंही लिहिलं नाही.”

इंजिनाने वाफ सोडली. फलाटाच्या टोकाला गार्ड निशाणाची गुंडाळी सोडत होता.

“तू मात्र लिहिलीस,” तो म्हणाला. “आवरायला हवं, असं. कालपासून तेवढी एकच ओळ वाचतोय मी. वरच्या तीन खऱ्या आहेत, ते अक्षरावरून कळतं. चौथी खरी आहे का, एवढं सांग. हो किंवा नाही. तू सांगशील तसं यातलं एक टाकतो.”

दोन्ही पाकिटे त्याने माझ्यासमोर धरली होती.  दोन वर्षे ज्याच्या स्थिरपणाशी मी स्वतःला मोजले, त्याचा हात उघड्या फलाटावर, हमालांच्या देखत, कापत होता आणि तो लपवत नव्हता.

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. दोन अक्षरांचे. आणि ते तिथे आले आहे हे जाणवताच मी, दोन वर्षांच्या सवयीने, आत वळून पाहिले. छाती धडधडत होती. पहाटेचे ते निवळलेले पाणी तळापासून गढूळ झाले होते. सगळे सुटले होते, एकाच वेळी. आणि मला वाटले, हीच ती परीक्षा. ज्यासाठी सातशे संध्याकाळी लिहिल्या ती घटका ही. आता जी डळमळेल ती कधीच सावरणार नाही. नियम तो मोडतो आहे, मी नाही. मी एक श्वास घेतला, मोजून सोडला. मग दुसरा घेतला. धडधड कमी झाली. बापूसाहेबांनी शिकवले होते अगदी तसेच झाले.

“कुमुद,” तो म्हणाला.

गार्डची शिटी वाजली. मी वर्तमानपत्राची घडी नीट केली, पदर सारखा केला, त्याच्याकडे एकदा पाहिले आणि वळले. करंड्यांच्या रांगेतून वाट काढत मी फाटकाकडे चालू लागले. माझ्या उजव्या बाजूला, जिथे तो नेहमी असे, तिथे ऊन पडले होते. मागे गाडीला हिसका बसला, आणि टपालाच्या डब्याच्या फटीवरचे लोखंडी झाकण एकदाच वाजले.

मी पाऊल चुकू दिले नाही.